किवीची काढणी आणि पानगळीपर्यंतचे आठवडे

किवी काढणीला आली की नाही, हे बाहेरून कळत नाही. डाळिंबाचा रंग फिरतो, द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरतं, आंब्याचे खांदे भरतात. किवी सप्टेंबरात दिसते तशीच नोव्हेंबरातही दिसते: तपकिरी, लवदार, टणक. आकार तर तिनं काढणीच्या बराच आधी जवळजवळ पूर्ण गाठलेला असतो. ती आपणहून गळतही नाही. पानं झडून गेली तरी फळं मांडवाला लोंबत राहतात. त्यामुळे काढणीची तारीख बागायतदारालाच ठरवावी लागते. ही तारीख यंदाच्या फळाची चव ठरवते, तशीच वेलीला पुढच्या हंगामाची तयारी करायला किती दिवस मिळणार तेही ठरवते. आपल्याकडे किवीबद्दलचं लिहिणं-बोलणं लागवडीपाशी सुरू होतं आणि भावापाशी संपतं. पहिलं फळ तोडण्यापासून शेवटचं पान गळेपर्यंतच्या आठवड्यांकडे फारसं कुणी पाहत नाही. माझ्या मते भारतीय किवीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच काळात.

ही वेल मूळची चीनमधली, यांगत्झे नदीच्या खोऱ्यातल्या डोंगराळ रानातली. न्यूझीलंडमधल्या वांगानुई गावच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर यांनी १९०४ मध्ये यीचांगहून तिचं बी नेलं. त्या बियांच्या वंशातूनच पुढे ऑकलंडचे रोपवाटिकाकार हेवर्ड राइट यांनी १९२० च्या दशकात निवडलेली जात त्यांच्या नावानं जगभर पसरली. 'किवी' हे बाजारातलं नाव १९५९ चं. भारतात तिचा पहिला प्रयोग बंगळुरूच्या लालबागेत झाला. वेल वाढली, पण तिथल्या हवेत ती फळली नाही. १९६३ मध्ये शिमल्याजवळच्या फागली इथल्या केंद्रात सात जातींची रोपं लावली गेली आणि १९६९ मध्ये तिथं फळ धरलं.

लालबागेचा हा धडा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी नीट लक्षात ठेवावा. किवीच्या डोळ्यांना फुटण्याआधी थंडीची झोप लागते. हेवर्डसारख्या जातीला सात अंशांखालचे सातशे ते हजार तास लागतात. महाबळेश्वरचा हिवाळाही त्याच्या जवळपास जात नाही. त्यामुळे आपल्या भागात कुणी किवीची रोपं विकत असेल, तर वेल हिरवीगार वाढेल, पण फळांची आशा धरू नये. महाराष्ट्राचा या पिकाशी खरा संबंध दोन ठिकाणी येतो. एक, वाशीच्या घाऊक बाजारात. दुसरा, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत; कारण वेलीनं काढणीनंतर अन्न कसं साठवायचं आणि त्यावर पुढचा माल कसा धरायचा, हे शास्त्र दोन्ही वेलींचं बरंचसं एकच आहे.

आज किवी पिकते ती मुख्यतः अरुणाचल प्रदेशात, हिमाचलमध्ये, आणि नागालँड, सिक्कीम, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरच्या काही भागांत. उत्पादनात अरुणाचल पुढे आहे. लोअर सुबानसिरी जिल्ह्यातल्या झिरो खोऱ्याच्या किवीला २०२० मध्ये सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं, देशात किवीला मिळालेलं ते पहिलंच. हिमाचलमध्ये सोलन, सिरमौर, कुल्लू, मंडी हे जिल्हे. सफरचंदाला जिथली थंडी कमी पडू लागली, अशा मधल्या उंचीवर किवीला जागा मिळाली. या लवदार आंबट फळाला माकडंही फारशी हात लावत नाहीत असं तिकडचे शेतकरी सांगतात, आणि ज्या डोंगरात माकडांपायी मक्याची शेतं पडीक राहिली तिथं हा मुद्दा लहान नाही.

आता काढणीच्या वेळेकडे येऊ. उन्हाळाभर किवी स्टार्च साठवते. थंडी सुरू झाली की त्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि रसातले विद्राव्य घटक, म्हणजे आपण ज्याला ब्रिक्स म्हणतो ते, सावकाश वर चढतात. हेवर्डसाठी काढणीची किमान पातळी ६.२ ब्रिक्स मानली जाते; कॅलिफोर्नियात ती ६.५ आहे. द्राक्षवाल्याला हा आकडा वाचून आश्चर्य वाटेल, कारण आपण सोळा-अठराच्या खाली बोलत नाही. पण किवी वेलीवर पिकत नाही, ती काढल्यावर पिकते. उरलेला स्टार्च पुढे साखरेत उतरतो आणि खायच्या वेळी हाच आकडा बारा ते पंधरापर्यंत जातो. ६.२ म्हणजे फळ गोड झाल्याची खूण नव्हे. आता वेलीपासून तोडलं तरी ते पुढे नीट पिकेल, एवढीच ती हमी.

ही तपासणी शेतकऱ्याला बांधावर करता येते, फक्त ती करण्याची पद्धत बरोबर हवी. फळाची देठाकडची आणि फुलाकडची अशी दोन्ही टोकं कापायची आणि दोन्हींचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर सारख्या प्रमाणात पिळायचा. फुलाकडच्या टोकाला साखर जास्त असते. केवळ त्याच बाजूचा रस घेतला, तर फळ आहे त्यापेक्षा तयार दिसतं आणि शेतकरी स्वतःलाच फसवतो. फळंही एकाच वेलीची घेऊ नयेत. मांडवाच्या उन्हाकडची, सावलीची, बुंध्याजवळची, टोकाची, असं मिसळून घ्यावं लागतं.

ब्रिक्सपेक्षाही महत्त्वाचा आकडा शुष्क पदार्थाचा. फळाच्या मधोमध पातळ चकती कापायची, तिचं वजन करायचं, साठ-पासष्ट अंशांच्या सुकवणीत वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायची आणि पुन्हा तोलायची. शंभर ग्रॅमची सोळा ग्रॅम उरली, तर शुष्क पदार्थ सोळा टक्के. ते फळ पिकल्यावर चवीला चांगलं लागणार, हे आजच सांगता येतं. बारा-तेरा उरली, तर ते कितीही दिवस पिकवलं तरी पाणचट लागेल. साखर जिच्यातून बनायची ती शिदोरीच त्यात नसते. न्यूझीलंडच्या झेस्प्री या किवी विकणाऱ्या कंपनीनं बागायतदाराचा मोबदला या आकड्याशी जोडला आणि मोठं फळ आणण्याची शर्यत चांगलं फळ आणण्याकडे वळवली. फळांच्या व्यापारात इतका सरळ आणि परिणामकारक निर्णय मला दुसरा आठवत नाही.

भारतात अडचण इथंच आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आपल्याकडे डेंग्यूचा हंगाम. किवीनं प्लेटलेट वाढतात असा समज घट्ट बसला आहे. त्याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही, पण त्या महिन्यांत शहरांतली मागणी आणि भाव दोन्ही चढतात. त्यात इटली, ग्रीस, इराण हे देशही उत्तर गोलार्धातले, त्यांचं फळही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच निघतं. न्यूझीलंडचा माल तेव्हा संपत आलेला असतो. परदेशी माल येण्याआधी आपला बाजारात जावा, या घाईत फळ सप्टेंबरातच तोडलं जातं. आकार पूर्ण असतो, त्यामुळे व्यापारीही घेतो. असं फळ साठवणुकीत सुरकुततं, मऊ पडलं तरी आंबटच राहतं. गिऱ्हाईक एकदा खातं आणि पुढच्या वेळी स्टिकर लावलेलं परदेशी फळ शोधतं. घाईनं मिळालेला चार पैशांचा भाव अशा रीतीनं अख्ख्या टापूचं नाव घालवतो. मध्यम उंचीच्या हिमाचलमध्ये खरी काढणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालते. ॲलिसन, ब्रुनो, ॲबट या जाती आधी येतात, हेवर्ड त्यांच्या मागून.

न्यूझीलंडमध्ये हे घडत नाही, कारण तिथं तोडणीला परवानगी लागते. बे ऑफ प्लेंटीतल्या टे पुके आणि आसपासच्या बागांमधून स्वतंत्र प्रयोगशाळेची माणसं नमुने नेतात. ब्रिक्स, शुष्क पदार्थ, काळ्या झालेल्या बिया, सोनेरी जातींत गराचा रंग, हे सगळं तपासून मगच बाग तोडणीला मोकळी होते. सोनेरी किवी साधारण मार्चपासून, हिरवी एप्रिल ते जून. लवकर तोडून बाजार गाठणाऱ्याला जादा पैसे मिळतात, पण किमान चवीची अट सोडून नाही. टे पुकेच्या या हंगामात पॅसिफिक बेटांवरून हंगामी परवान्यावर आलेल्या मजुरांबरोबर पंजाबी मजूर आणि कंत्राटदारही मोठ्या संख्येनं राबतात. शीख समाज तिथं चांगलाच रुजला आहे.

प्रत्यक्ष तोडणीत कात्री लागत नाही. फळ तळव्यात धरायचं, अंगठा देठाच्या सांध्याशी टेकवायचा आणि फळ किंचित वर उचलून वळवायचं. सांधा टक्कन सुटतो, देठ वेलीवर राहतो आणि फळाच्या डोक्यावर एक छोटी गोल ओली जखम उरते. फळ कितीही टणक वाटलं तरी दाबाची खूण आत राहते आणि महिन्याभरानं शीतगृहात दिसते. म्हणून हातात सुती मोजे, गळ्यात पोटाशी येणारी झोळी, आणि झोळी क्रेटमध्ये रिकामी करताना फळं वरून ओतायची नाहीत, तळ क्रेटला टेकवून हळू सोडायची. ओलं फळ तोडू नये. दव उडू द्यावं, पाऊस झाला तर सालीवरचं पाणी पूर्ण सुकू द्यावं. दुपारच्या उन्हात तापलेलं फळही नको. हिमाचलमध्ये दोन तोडण्यांची शिफारस आहे: मोठी फळं आधी, लहान फळं काही दिवसांनी. मजुरी वाढते, तरी मला ही शिफारस पटते. वेलीवरचा भार टप्प्यानं उतरतो आणि राहिलेल्या फळांना थोडं भरायला मिळतं. मात्र हेच निमित्त करून फळं कडक थंडीपर्यंत ठेवू नयेत. पारा शून्याखाली दोनेक अंश गेला की फळ आतून गोठतं आणि मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही.

देठाची ती ओली जखम महत्त्वाची. करड्या बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे, बीजाणू तिथून आत शिरतात आणि साठवणुकीत देठाकडून फळ कुजत जातं. तोडलेलं फळ लगेच शून्य अंशांत कोंबलं, तर जखम भरत नाही. सावलीत, वारं खेळतं राहील असं दोन-तीन दिवस ठेवलं की ती सुकून बंद होते. शीतगृह नसलेल्या डोंगरी गावालाही हे जमतं, त्याला एक पैसा लागत नाही. पुढे शून्य अंश तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता आणि इथिलीनमुक्त हवा मिळाली, तर हेवर्ड चार ते सहा महिने टिकते. या शेवटच्या अटीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. हिमाचलमध्ये सफरचंद आणि किवी एकाच शीतगृहात ठेवायचा मोह होतो. सफरचंद इथिलीन सोडतं आणि किवी अगदी सूक्ष्म प्रमाणातल्या इथिलीननंही मऊ पडू लागते. दोन्ही एका खोलीत ठेवणं म्हणजे किवी वाया घालवणं.

अरुणाचलचा प्रश्न शीतगृहाच्याही आधी सुरू होतो. झिरोहून माल गुवाहाटीपर्यंत आणायचा म्हणजे डोंगरी रस्त्यांचा लांबचा प्रवास. लहान आणि वेडंवाकडं फळ त्या वाहतुकीला परवडत नाही. टागे रिटा या कृषी अभियंता महिलेनं झिरोमध्ये किवीची वाइन बनवायला सुरुवात केली ती न विकल्या जाणाऱ्या या फळाचं काय करायचं, या प्रश्नातून. २०२१ चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. खालच्या प्रतीच्या फळाला गावातच गिऱ्हाईक मिळालं, की चांगलं फळ कच्चं तोडण्याची घाईही कमी होते. म्हणून अशा प्रक्रिया उद्योगाचा विचार काढणीच्या नियोजनातच व्हायला हवा.

क्रेट गेले, मजूर गेले, बाग रिकामी दिसू लागली की बहुतेक ठिकाणी पाणी बंद होतं आणि सगळं थेट छाटणीपर्यंत लांबणीवर पडतं. वेलीवर पानं मात्र अजून हिरवी असतात आणि काम करत असतात. फळं असेपर्यंत पानांनी बनवलेलं अन्न फळांकडे जात होतं; आता ते मुळांत, खोडात, ओलांड्यांत आणि काड्यांत स्टार्च म्हणून साठतं. पान पिवळं पडता पडता त्यातलं नत्रही बऱ्याच अंशी वेलीत परत येतं. वसंतात नवी फूट निघते तेव्हा जमीन थंड असते आणि मुळं जेमतेम जागी झालेली असतात; पहिली पानं, पहिल्या कळ्या या साठ्यावरच पोसल्या जातात. नाशिकचा बागायतदार फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरल्यावर खरड छाटणीपर्यंत बागेला विश्रांती देतो आणि त्या विश्रांतीत खत-पाणी चालू ठेवतो, ते याच कारणानं. किवीला त्या विश्रांतीचे आठवडे फारच थोडे मिळतात. ऑक्टोबरच्या शेवटी काढणी झाली, तर दव गोठून पानं करपेपर्यंत चार-पाच आठवडे. नोव्हेंबरअखेर झाली, तर जवळजवळ शून्य. भरपूर माल धरलेली वेल उशिरापर्यंत अडकवून ठेवली आणि लगेच पानं गेली, तर पुढच्या वसंतात फुलं कमी दिसतात. तेव्हा थंडीला किंवा परागीकरणाला दोष दिला जातो, कारण मात्र आदल्या नोव्हेंबरातलं असतं.

म्हणून काढणीनंतर पानं टिकवणं हे पहिलं काम. हलकं पाणी चालू ठेवावं, जमीन कोरडी पडू देऊ नये. नत्र द्यावं की नाही यावर मतभेद आहेत. माझा कल असा की पानांच्या तपासणीत नत्र कमी दिसलं आणि पानगळीला अजून पुरेसे आठवडे असले, तरच थोडं द्यावं. जिथं दव लवकर गोठू लागतं तिथं हात आखडावा. उशिराच्या नत्रानं कोवळेपणा राहतो आणि तरुण वेलींची खोडं पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री उभी फाटतात. अशा वेलींच्या बुंध्याला गवत किंवा पोतं गुंडाळणं आधीच उरकावं.

या आठवड्यांतला दुसरा धोका रोगाचा. नोव्हेंबर २०१० मध्ये टे पुकेत पीएसए हा जीवाणूजन्य रोग सापडला. स्यूडोमोनास सिरिंजी या जीवाणूचा तो एक प्रकार. त्याआधी दोनच वर्षं त्यानं इटलीच्या लातिना भागात सोनेरी बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. न्यूझीलंडची हॉर्ट १६ ए ही सोनेरी जात त्यापुढे टिकली नाही. हजारो एकरांवरच्या वेली कापून त्यांवर गोल्ड ३ या तुलनेनं सहनशील जातीची कलमं बांधावी लागली. हा जीवाणू जखमेतून आत जातो आणि थंड, ओलसर हवा त्याला मानवते. काढणीनंतर प्रत्येक तुटलेला देठ आणि पुढे प्रत्येक गळालेल्या पानाचा व्रण ही एक उघडी वाट असते. म्हणून तिकडे काढणी झाल्याबरोबर ताम्रयुक्त फवारणी होते, पानगळीच्या वेळी पुन्हा होते, आणि छाटणीची हत्यारं वेलीवेलीला निर्जंतुक केली जातात. आपल्याकडे बोर्डो मिश्रण प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे, फवारणीची ही वेळ मात्र ठाऊक नसते. दुसऱ्याच्या बागेतून आलेले क्रेट, कात्र्या, आणि विशेषतः परराज्यातून किंवा परदेशातून आणलेली कलमं याबाबत आजच कडक राहणं शहाणपणाचं. रोग आल्यावर कडक राहून काही उरत नाही.

जमिनीकडेही आताच पाहावं. काढणीत माणसं आणि वाहनं ओळींमधून सतत फिरलेली असतात, माती दबलेली असते. किवीची मुळं मांसल असतात आणि त्यांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. इटलीत २०१२ च्या सुमाराला व्हेरोना भागात वेली भर उन्हाळ्यात अचानक सुकू लागल्या. तिथले लोक त्याला 'मोरिया' म्हणतात. त्यामागे एकच एक जंतू नाही. दबलेली, गुदमरलेली माती, अति पाणी आणि मुळं कुजवणारे सूक्ष्मजीव मिळून ते घडतं, असं आजवरचं संशोधन सांगतं. चर मोकळे करणं, दबलेल्या पट्ट्या भुसभुशीत करणं, आच्छादन बुंध्यापासून थोडं दूर सरकवणं ही कामं पावसाळ्याच्या तोंडावर घाईनं करण्यापेक्षा आता करावीत.

माती परीक्षणालाही हीच वेळ योग्य, कारण पिकानं काय उचललं ते आता दिसतं. एक टन किवीबरोबर सुमारे तीन किलो पोटॅशियम बागेबाहेर जातं, त्यामुळे पालाशाची भरपाई टाळून चालत नाही. इथं द्राक्षवाल्यांनी सावध असावं. आपण क्लोराइडला भिऊन सल्फेट ऑफ पोटॅश वापरतो. किवीला मात्र इतर बहुतेक फळपिकांहून कितीतरी जास्त क्लोरीन लागतं, आणि साधं म्युरेट ऑफ पोटॅश तिला बऱ्याचदा मानवतं. हिमाचलच्या शिफारशीत पूर्ण वाढलेल्या वेलीला ४० किलो शेणखत, ८५० ते ९०० ग्रॅम नत्र, ५०० ते ६०० ग्रॅम स्फुरद आणि ८०० ते ९०० ग्रॅम पालाश आहे. शेणखत डिसेंबर-जानेवारीत, नत्र मात्र वसंताच्या तोंडाशी आणि फळधारणेनंतर असं विभागून. ज्या जमिनीत नत्र आधीच भरपूर आहे, तिथं हे आकडे डोळे मिटून वापरू नयेत. जादा नत्रानं मांडव दाट होतो, सावली वाढते आणि शुष्क पदार्थ घटतो.

छाटणी पूर्ण पानगळ झाल्यावर, डिसेंबर ते जानेवारी. उशीर झाला तर मुळांचा दाब सुरू होतो आणि कापलेल्या काडीतून रस टपकत राहतो. फळ येतं ते चालू हंगामाच्या फुटीवर, आणि ती फूट निघते गेल्या वर्षीच्या काडीवर. म्हणून फळून गेलेली जुनी काडी काढायची आणि ओलांड्याजवळ उन्हात वाढलेली, जाड, आखूड पेरांची नवी काडी तिच्या जागी बांधायची. सावलीतली लांबुळकी फूट डोळ्यांना भरघोस दिसते, पण तिचे डोळे पोकळ निघतात. दोन काड्यांत साधारण फूटभर अंतर ठेवावं. छाटणीचा माल बागेत कुजत ठेवू नये.

थंडी कमी पडलेल्या वर्षी डोळे एकसारखे फुटत नाहीत. न्यूझीलंडच्या बागांत त्यासाठी हिवाळ्याच्या शेवटी हायड्रोजन सायनामाइड फवारतात. नाशिकमध्ये ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांवर हेच रसायन लावतात. ते विषारी आहे, युरोपीय संघानं ते बाजारातून काढलं आहे, आणि हातमोजे-मुखवट्याशिवाय ते हाताळणं धोक्याचं, हे आपल्याकडेही पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज आहे. डोंगरात हिवाळे उबदार होत चालले, तर तिथले शेतकरीही या बाटलीकडे वळतील. त्याआधी कमी थंडीत फुटणाऱ्या जातींवर आणि साठा भरलेल्या काड्या राखण्यावर काम व्हायला हवं.

नर वेली या छाटणीत हलक्याच छाटायच्या, कारण आठ मादी वेलींमागे एक एवढ्याच त्या असतात आणि त्यांची प्रत्येक कळी कामाची असते. त्यांची खरी छाटणी फुलोरा संपल्यावर, मे-जूनमध्ये. हिवाळ्यात मजूर सगळ्याच वेलींना सारखी कात्री लावतात, म्हणून नर वेलींना काढणीच्या वेळीच, फळ नसल्यानं त्या ओळखू येतात तेव्हाच, रंगाची पट्टी बांधून ठेवावी.